व्यंगचित्र आणि त्याच दिवसाचा अंक: बेरीमन संग्रहाची पारख

दोन महायुद्धांच्या मधल्या अमेरिकेचं राजकारण व्यंगचित्रांतून समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात क्लिफर्ड बेरीमन यांच्यापासून करावी. १९०७ पासून १९४९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते वॉशिंग्टनच्या ‘इव्हनिंग स्टार’ या दैनिकासाठी चित्रं काढत होते. म्हणजे विल्सन, हार्डिंग, कूलिज, हूवर आणि रूझवेल्ट हे पाचही अध्यक्ष एकाच हाताने रेखाटलेले मिळतात, आणि चेहरे ओळखायची सवय लवकर लागते. त्यांची सुमारे २,४०० मूळ शाईचित्रं अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजकडे आहेत, आणखी बरीच लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे. दोन्हीकडे घरबसल्या, फुकट बघता येतात.

संग्रह अव्वल आहे. त्याच्या जोडीला दिलेली वाचनाची साधनं मात्र अर्ध्या वाटेत सोडून देतात. आर्काइव्हजच्या तक्त्यात चार पायऱ्या आहेत: चित्राशी ओळख, भागांचं निरीक्षण, अर्थ लावणं, पुरावा म्हणून वापर. लायब्ररीचं टिपण प्रतीक, अतिशयोक्ती, पाट्या, साधर्म्य आणि उपरोध अशा पाच युक्त्या शोधायला सांगतं. दोन्ही चांगली आहेत, पण अर्थ लावायची पायरी त्या आठवड्याच्या बातम्या माहीत असल्याशिवाय चढताच येत नाही, आणि फसगत नेमकी तिथेच होते.

सगळ्यात जास्त चकवतात त्या आद्याक्षरांच्या पाट्या. गाढव म्हणजे डेमोक्रॅट, हत्ती म्हणजे रिपब्लिकन, हे पाच मिनिटांत पाठ होतं. पण १९३४ च्या चित्रात ‘एन.आर.ए.’ दिसलं की आजचा वाचक बंदूकवाल्यांच्या संघटनेकडे, नॅशनल रायफल असोसिएशनकडे, धावतो. ती रूझवेल्ट यांची नॅशनल रिकव्हरी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे मंदीतून उद्योगधंदे सावरण्यासाठी काढलेली सरकारी यंत्रणा. तिचं चिन्ह निळा गरुड. २७ मे १९३५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिचा कायदा रद्द केला, तोही ब्रुकलिनच्या कोंबडी विकणाऱ्यांच्या खटल्यात. त्या सुमाराच्या चित्रात गरुडाशेजारी कोंबडी दिसली, तर ती शोभेसाठी नाही.

दुसरी चूक तारखांची. १९३३ पर्यंत नवा अध्यक्ष ४ मार्चला शपथ घ्यायचा. त्यामुळे फेब्रुवारी १९३३ मध्ये बँका बुडत असताना खुर्चीवर हरलेले हूवरच होते. निवडणूक नोव्हेंबरातच झाली म्हणून त्या महिन्यातल्या चित्रात दिसणाऱ्या संकटाचं खापर रूझवेल्ट यांच्या सरकारवर फोडू नये.

आता एक चित्र जवळून बघू. लायब्ररीकडे १९२४ चं ‘जगरनॉट’ आहे. व्हाइट हाउसकडे जाणारा तेलकट, निसरडा रस्ता, मागून चहाच्या किटलीच्या रूपातला रोडरोलर येतोय, आणि माणसं जीव घेऊन पळताहेत. ‘जगरनॉट’ म्हणजे आपला पुरीचा जगन्नाथ. त्याच्या रथाखाली चिरडली जाणारी माणसं ही युरोपीय प्रवासवर्णनांनी पसरवलेली प्रतिमा इंग्रजीत शिरली आणि शब्दाचा अर्थच ‘वाटेत येईल ते चिरडणारं धूड’ असा झाला. किटली म्हणजे वायोमिंगमधलं टीपॉट डोम हे नौदलाचं राखीव तेलक्षेत्र. गृहमंत्री म्हणू नका, अंतर्गत खात्याचे मंत्री अल्बर्ट फॉल यांनी १९२२ मध्ये ते लिलाव न करता हॅरी सिंक्लेअर यांच्या कंपनीला भाड्याने दिलं. १९२९ मध्ये लाच घेतल्याबद्दल ते दोषी ठरले. पण पळणारे सगळे रिपब्लिकन, असं लगेच धरू नका. १९२४ हे निवडणुकीचं वर्ष, हार्डिंग आदल्या ऑगस्टमध्येच वारलेले. याच प्रकरणातले दुसरे तेलसम्राट डोहेनी डेमोक्रॅट होते, आणि त्या पक्षाचे अध्यक्षपदाचे आघाडीचे इच्छुक मॅकअडू त्यांचे वकील राहिल्याने तेलाचे डाग त्यांच्याही अंगावर उडाले. किटलीची भीती दोन्ही पक्षांना होती.

हे चित्रात लिहिलेलं नसतं, अंकात असतं. म्हणून याच लायब्ररीच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ या वृत्तपत्र-संग्रहात ‘इव्हनिंग स्टार’चा त्याच दिवसाचा अंक उघडावा. बेरीमन यांचं चित्र बहुधा पहिल्याच पानावर असतं. त्याच्या दोन्ही बाजूंच्या बातम्या वाचल्या की निम्मी कोडी सुटतात. रविवारी मथळा ‘द संडे स्टार’ असा असतो, त्याने गोंधळू नका. शोधताना चित्रातली पाटी टाइप करू नका: हाताने काढलेली अक्षरं यंत्राला नीट वाचता येत नाहीत. माणसाचं आडनाव किंवा विधेयकाचं नाव टाका आणि तारखांची मर्यादा घाला. ‘जगरनॉट’सारखी नुसत्या वर्षाची नोंद असेल तेव्हा हाच मार्ग. चित्राची मोठी टिफ फाइल उतरवून घ्या, कारण कोटाच्या खिशावरची पाटी लहान जेपेगमध्ये वाचता येत नाही. चौकटी कंसातलं शीर्षक ग्रंथपालांनी दिलेलं असतं. ते चित्रकाराचं म्हणून उद्धृत करू नका.

बेरीमन यांची मर्यादा म्हणजे त्यांची सौम्यता. दारूबंदीवरचा खरा राग हवा असेल तर ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रॉलिन कर्बी यांचा ‘मिस्टर ड्राय’, म्हणजे दारूबंदीवाल्यांची खिल्ली उडवणारं पात्र, बघायलाच हवं: काळा कोट, उंच टोपी, हातात छत्री. रूझवेल्टविरोधी नजरेसाठी आयोवाचे व्यंगचित्रकार ‘डिंग’ डार्लिंग.

आणि चित्रात कोण नाही, हा प्रश्न तक्त्यात छापलेला नसला तरी विचारा. १९२१ चं, दुसऱ्या चित्रकाराचं ‘द ओन्ली वे टू हँडल इट’ घ्या: समुद्रावर आडवं टाकलेलं नरसाळं, युरोपच्या तोंडाशी माणसांची खच्चून गर्दी, आणि अमेरिकेच्या टोकाला अंकल सॅम तीन टक्क्यांचं फाटक लावून उभा. हे तीन टक्के म्हणजे त्या वर्षीच्या कायद्याने स्थलांतरितांवर घातलेली मर्यादा: १९१० च्या जनगणनेत अमेरिकेत ज्या देशात जन्मलेले जितके लोक होते, त्यांच्या तीन टक्के, देशागणिक. आशियातून येणारं नरसाळं चित्रात नाहीच; १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासकट बहुतेक आशियाला दार आधीच बंद केलं होतं.