रायझन ७ ५७००एक्सथ्रीडी: जुन्या बी४५० बोर्डावर गेमिंग आणि लाइव्हसाठी घ्यावा का?

रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि जीटीएक्स १६६० किंवा आरटीएक्स ३०६० सारखं कार्ड. पाच-सहा वर्षांपूर्वी जमवलेल्या अशा पीसीवर नुसता गेम बरा चालतो, पण लाइव्ह सुरू केलं की झटके बसायला लागतात. दुकानात सल्ला ठरलेला असतो: बोर्ड, रॅम, सगळंच बदला. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. जानेवारी २०२४ मध्ये आलेला एएमडीचा ५७००एक्सथ्रीडी प्रोसेसर बोर्डावरच्या त्याच एएम४ सॉकेटमध्ये बसतो. पण तो सगळ्यांच्या कामाचा नाही, आणि तुमच्या कामाचा आहे का हे खिशात हात घालण्याआधी ओबीएस, म्हणजे लाइव्ह पाठवायचं सॉफ्टवेअरच, सांगतं.

ओबीएसच्या व्ह्यू मेनूत स्टॅट्स उघडा आणि अर्धा तास नेहमीसारखं लाइव्ह करा. तिथे तीन आकडे दिसतात. नेटवर्कमुळे फ्रेम्स गळत असतील तर दोष अपलोडचा किंवा वायफायचा. ६००० केबीपीएसच्या स्ट्रीमला किमान १० एमबीपीएस स्थिर अपलोड हवा आणि राउटरपासून लॅन केबल हवी. प्रोसेसर बदलून तिथे काहीही सुधारणार नाही. एन्कोडिंग लॅगचा आकडा वाढत असेल तर आधी सेटिंग बघा, बरेचदा एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग) प्रोसेसरवर चालणाऱ्या एक्स२६४ वरच राहिलेला असतो. तो एनव्हीएन्क (एनव्हिडिया कार्डाचा एन्कोडर) केला की काम ग्राफिक्स कार्डातल्या स्वतंत्र भागाकडे जातं आणि प्रोसेसर मोकळा होतो. रेंडरिंग लॅग दिसत असेल तर कार्डच शंभर टक्के भरलंय.

हे तिन्ही आकडे शून्याच्या आसपास असूनही गेम अडखळतोय, कार्डाचा वापर ६०-७० टक्क्यांवर आहे आणि रिझोल्यूशन कमी करूनही फ्रेम्स वाढत नाहीत? मग दुखणं प्रोसेसरचंच. टास्क मॅनेजरमधल्या ५० टक्क्यांवर विसंबू नका. तो सगळ्या कोअरचा सरासरी आकडा असतो. गेमचा मुख्य थ्रेड एका कोअरवर दमलेला असला तरी बाकीचे निवांत बसलेले असतात.

या दुखण्यावर ५७००एक्सथ्रीडी खरोखर चालतो. ८ कोअर, १६ थ्रेड आणि ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी). ३६०० मध्ये ३२ एमबी कॅश आहे, तीही १६-१६ अशी दोन गटांत वाटलेली. इथे आठही कोअर एकाच मोठ्या कॅशवर काम करतात, त्यामुळे गेमला रॅमकडे कमी धावावं लागतं. फायदा सरासरी फ्रेम्सपेक्षा सगळ्यात खालच्या एक टक्का फ्रेम्समध्ये जास्त जाणवतो, आणि डोळ्यांना खुपणारे झटके तिथेच असतात. व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक २, गर्दीचे जीटीए रोलप्ले सर्व्हर यांना हा फरक पडतो. ४के वर, सगळं अल्ट्रा ठेवून खेळणाऱ्यांना फारसा नाही.

दुसरी बाजूही आहे. याचा बूस्ट (कमाल वेग) ४.१ गिगाहर्ट्झ, तर साध्या ५७००एक्सचा ४.६. व्हिडिओ एडिटिंग, रेंडर, एक्स२६४ एन्कोडिंग यांत साधा ५७००एक्स पुढे जातो. तो ६५ वॉटचा आहे, थंडही राहतो. ज्यांच्या कार्डात एन्कोडरच नाही (आरएक्स ६५०० एक्सटी घेतलेल्यांनी इथे कपाळावर हात मारावा) आणि ज्यांना एक्स२६४ वरच भागवायचंय, त्यांनी ५७००एक्सच घ्यावा. एनव्हीएन्क असेल आणि गेम मुख्य असेल, तर एक्सथ्रीडी. दोन्हींच्या किमतीत दुपटीचा फरक पडत असेल तर मात्र ५७००एक्स घेऊन उरलेले पैसे कार्डाकडे वळवणं शहाणपणाचं.

बसवताना जे बिघडतं ते जवळपास नेहमी त्याच चार ठिकाणी. पहिलं बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर): बोर्ड कंपनीच्या साइटवर प्रोसेसरची यादी बघा, ५७००एक्सथ्रीडीसमोर लिहिलेली किंवा त्यानंतरची आवृत्ती एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवरून टाका. जुना प्रोसेसर काढायच्या आधीच. उलट केलंत तर पंखे फिरतील, पडदा काळा राहील. दुसरं, जुना कूलर सरळ वर ओढू नका. पेस्ट वाळलेली असते आणि एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, त्यामुळे तो लॉक असतानाही कूलरला चिकटून उपटून येतो. दहा मिनिटं गेम चालवून गरम करा, पीसी बंद करा, कूलर डावी-उजवीकडे हलका पिळा, मग उचला. तिसरं, नव्या कूलरला बहुधा बोर्डाचे दोन प्लॅस्टिक ब्रॅकेट लागतात, जे रायझनचा मूळ कूलर बसवताना काढून बोर्डाच्या खोक्यात टाकलेले असतात. खोकं माळ्यावर असेल तर आदल्या दिवशीच शोधून ठेवा. चौथं, पहिल्यांदा सुरू करताना एफटीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या ठेवणारा भाग) रीसेट करायचं का असं विचारतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की हाताशी ठेवल्याशिवाय ‘वाय’ दाबू नका. त्यानंतर विंडोज पिन नव्याने मागेल, ते ठीक आहे. बायोस बदलल्यावर एक्सएमपीही (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) बंद झालेलं असतं. ते चालू करून रॅम ३२०० वर आणा.

खोक्यात कूलर येत नाही, आणि ३६०० सोबतचा छोटा पंखा यावर लावणं चुकीचं. १२० एमएम पंख्याचा साधा टॉवर कूलर पुरतो, लिक्विडची गरज नाही. फक्त नाशिकचा उन्हाळा धरून विचार करा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि खोली जितकी तापेल साधारण तितकंच प्रोसेसरचं तापमानही चढतं. डिसेंबरात ६५ अंश दाखवणारा पीसी मेमध्ये ८० च्या वर दिसला तर घाबरू नका. मर्यादा ९० ची आहे. कॅबिनेटची पुढची काच बंदिस्त असेल तर कूलरवर खर्च करण्याआधी पुढे दोन पंखे लावा आणि धूळजाळी धुवा.

आता गंमत. नवा प्रोसेसर टाकल्यावर काही जणांचा स्ट्रीम आधीपेक्षा वाईट होतो! प्रोसेसर कार्डाला आता भरपूर काम देतो, कार्ड ९९ टक्क्यांवर जातं आणि ओबीएसला दृश्य रचायला जागाच उरत नाही. गेममध्ये फ्रेम्सची मर्यादा घाला. १४४ हर्ट्झ मॉनिटर असेल तर १४० च्या आसपास, तरी लॅग राहिला तर १२०. ओबीएस ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा, म्हणजे विंडोज त्याला कार्डावर प्राधान्य देतं.

रॅम ८ जीबीच असेल, बोर्ड ए३२० चा हलका असेल किंवा पीसी जुन्या इंटेलवर असेल, तर एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटकडे जा; बोर्ड आणि डीडीआर५ रॅमसकट हिशोब धरा. सेकंडहँड १३व्या-१४व्या पिढीचा आय७ किंवा आय९ स्वस्तात मिळाला तरी जपून. व्होल्टेजच्या दोषावर इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती) दिला, पण आधीच झिजलेली चिप त्याने बरी होत नाही.

खरेदीत कोटेशन नाशिकच्या दोन दुकानांतून घ्या आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडशी ताडून बघा. फरक हजार-दीड हजाराचाच असेल तर पंचवटी एक्स्प्रेसचं तिकीट काढू नका, वॉरंटीसाठी तीच फेरी पुन्हा पडते. बॉक्स घ्या, ट्रे (खोक्याविना सुटा विकला जाणारा) नको: बॉक्सला कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी असते, ट्रेला विक्रेता देईल तेवढीच. खोक्याच्या खिडकीतून दिसणारा सिरीयल नंबर स्टिकरशी जुळवा आणि तो जीएसटी बिलावर लिहून घ्या. या मॉडेलचा माल आता तुरळक आहे, त्यामुळे ‘सील उघडलंय पण नवाच आहे’ असं ऐकायला मिळेल. तो घेऊ नका, ५७००एक्स घ्या.