मेदोहर गुग्गुळ, त्रिफळा, मेथी, इसबगोल: डाएटसोबत बरेच महिने घेतल्यानंतर

आधी माझी केस सांगते, म्हणजे यातलं आपल्याला किती लागू पडतं ते ज्याचं त्याला ठरवता येईल. वय सत्तेचाळीस, नाशिकला राहते, दिवसभर बसून काम. थायरॉईडची गोळी कित्येक वर्षं चालू आहे. सुरुवातीला वजन ७९ किलो, कंबर ९८ सेंटिमीटर (आपल्याकडच्या बायकांत ८०च्या पुढे धोका धरतात) आणि एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.२, म्हणजे डायबिटीसच्या उंबरठ्यावर.

डाएट दोन वेळा जेवणाचं, डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे महाराष्ट्रात घरोघर पोचलेलं. दिवसातून दोनदाच खायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत आटपायचं, मधल्या वेळात पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा. त्यात माझी भर एवढीच की रात्री पोळीऐवजी ज्वारीची भाकरी, दोन्ही वेळेला वाटीभर उसळ आणि संध्याकाळी चालणं. पहिल्या तीनेक महिन्यांत सहा किलो उतरले, तेही एकही गोळी, काढा किंवा चूर्ण न घेता. हे मुद्दाम सांगते, कारण डाएट आणि औषध एकाच सोमवारी सुरू केलं की कशानं काय झालं ते कळायला मार्ग राहत नाही आणि श्रेय बरोबर डबीला जातं.

७३ वर काटा अडला. घरात सल्ल्यांना तोटा नव्हताच. एका वेळी एकच गोष्ट घ्यायची, दोनेक महिने द्यायचे आणि मधे रक्त तपासायचं, असं मी ठरवलं. फॅमिली डॉक्टरांना आधी विचारलं. ते म्हणाले, "घ्या, पण टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, दोन-तीन महिन्यांनी बघत जा. वजन उतरलं की थायरॉईडचा डोसही बदलावा लागतो कधीकधी."

पहिला नंबर मेदोहर गुग्गुळाचा. हाच नवक गुग्गुळ: त्रिकटू (सुंठ, मिरी, पिंपळी), त्रिफळा (हिरडा, बेहडा, आवळा), चित्रक, नागरमोथा, वावडिंग ही नऊ द्रव्यं आणि गुग्गुळ. वैद्यबाईंनी दोन-दोन गोळ्या कोमट पाण्याबरोबर सांगितल्या आणि वर बजावलं, "पथ्य सोडून नुसत्या गोळ्यांनी मेद झडत नाही हो ताई." गोळी काळपट, चावली तर तोंडात धुपाची चव आणि पुढे तासभर धुपाचेच ढेकर. पोटात जळजळ व्हायची, ती बहुधा मिरी-पिंपळीची. दोन महिन्यांनी वजन ७२.६, कंबर होती तिथेच, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४२ चं १४५. म्हणजे काहीच नाही.

गुग्गुळामागे संशोधन नाही असं मात्र कुणी म्हणू नये. बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी १९६०च्या दशकात मेदोरोगाची, म्हणजे लठ्ठपणाची, जुनी वर्णनं वाचून सशांवर प्रयोग केले, पुढे लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेत काम झालं आणि १९८७ साली गुग्गुळाचा अर्क असलेलं गुगुलिपिड कोलेस्टेरॉलचं औषध म्हणून भारतात बाजारात आलं. पण २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली, तिच्यात गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल कमी व्हायच्या ऐवजी चार-पाच टक्क्यांनी वाढलं आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. त्यात गुग्गुळाचं झाड राजस्थान-गुजरातेत ओरबाडून ओरबाडून नष्ट व्हायच्या बेतात आलंय. मी बंद केला.

त्रिफळा चूर्णाबद्दल थोडक्यात. रात्री चमचाभर घेतलं की सकाळी पोट साफ आणि काट्यावर अर्धा किलो कमी. तो अर्धा किलो संध्याकाळपर्यंत परत येतो. बद्धकोष्ठ असेल तर जरूर घ्या, चरबीशी त्याचा संबंध मला तरी दिसला नाही.

मेथी आणि इसबगोल यांनी मात्र काम केलं. चमचाभर मेथीदाणे सकाळी भिजत घालून संध्याकाळी चावून खायचे आणि वर तेच पाणी प्यायचं. जेवणाला बसेपर्यंत भुकेची धार गेलेली असते, दुसरी भाकरी आपोआप राहते. तोटा एकच, घामाला मेथीचा वास येतो. सासूबाई एकदा म्हणाल्या, "अगं, डिंकाचे लाडू केलेस का?" ऑफिसातही लोकांना जाणवलं असणार, बोललं कुणी नाही. शेवटी मेथी आठवड्यातून तीन-चार दिवसांवर आणली.

इसबगोल रोजचं. साधा सत इसबगोल, दोन्ही जेवणांआधी एकेक मोठा चमचा, मोठ्या ग्लासभर पाण्यात. ढवळलं की लगेच प्यायचं. फोन आला म्हणून ग्लास ठेवलात तर पाच मिनिटांत त्याची खळ होते आणि ती घशाखाली उतरत नाही. वरून आणखी एक ग्लास पाणी हवंच, कमी पाण्यात घेतलं तर घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. पहिले पंधरा दिवस गॅसेसनी जीव नकोसा केला, म्हणून अर्ध्या चमच्यापासून वाढवा. दिवसाला साधारण दहा ग्रॅम भुशीतून सात ग्रॅम विरघळणारं फायबर मिळतं. एवढ्यानं एलडीएल थोडं खाली येतं, हे अमेरिकेच्या एफडीएनं (अन्न-औषध नियामक संस्थेनं) १९९८ सालीच मान्य केलंय. माझं १४५ वरून १३१ वर आलं. वजन ६९, कंबर ८९, एचबीए१सी ५.८. शेवटच्या आकड्यात इसबगोलाचा वाटा किती आणि भात कमी केल्याचा किती, ते मला वेगळं काढता येणार नाही.

थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी हे नीट वाचा: फायबर थायरॉईडची गोळी नीट शोषू देत नाही. मी गोळी पहाटे सहाला घेते, पहिला इसबगोल थेट दुपारच्या जेवणाआधी, म्हणजे चार तासांहून जास्त अंतर. टीएसएच जागेवर आहे. शुगरची औषधं चालू असतील तर मेथी-इसबगोल डॉक्टरांना सांगूनच, नाहीतर शुगर खाली जाऊ शकते.

काही गोष्टी मी घेतल्याच नाहीत. ग्रीन टीचा कोरा चहा पिते, पण त्याच्या अर्काच्या कॅप्सूल नाही, मोठ्या डोसनं लिव्हरची एन्झाइम्स वाढतात. आपल्या कोकमाची चुलत बहीण गार्सिनिया कम्बोजिया: १९९८च्या चाचणीत बारा आठवड्यांनी ती आणि खोटी गोळी सारख्याच ठरल्या. गुळवेलीचा काढाही नको म्हटलं, मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली त्यातून लिव्हर बिघडलेले सहा रुग्ण नोंदवले होते. आणि 'महिन्यात दहा किलो'वाली बिनलेबलची पावडर तर फुकट दिली तरी नको. असल्या 'हर्बल' मालात सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध मिसळलेलं पुन्हापुन्हा सापडलंय. हृदयाला धोका म्हणून हे औषध २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून काढून टाकलं गेलं. चूर्णानं पहिल्याच आठवड्यात भूक मेली, छाती धडधडायला लागली, झोप उडाली, तर ते चूर्ण ताबडतोब बंद करून डॉक्टरकडे जा.

इसबगोल कुठल्या कंपनीचं, असं बऱ्याच जणी विचारतात. कुठलंही चालेल, फक्त पाकिटावर निव्वळ भुशी लिहिलेली हवी. संत्र्याच्या चवीच्या डब्यांत बऱ्याचदा साखर असते, मागचं लेबल वाचून घ्या.