साठीनंतर जलरंग: ट्यूब घ्याव्यात की वड्या?

निवृत्तीनंतर जलरंग हाती घेणारे बरेच जण मला हाच प्रश्न विचारतात: ट्यूबमधला ओला रंग घ्यावा की डब्यात बसवलेल्या सुक्या रंगाच्या वड्या (पॅन)? रंगद्रव्य दोन्हींत तेच आणि ते धरून ठेवणारा डिंकही तोच. वाळलेला रंग पाणी लागताच पुन्हा सुटतो, हेही दोन्हीकडे सारखंच. त्यामुळे ‘खरे चित्रकार ट्यूबच वापरतात’ असं कुणी म्हटलं तर दबून जाऊ नका. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि दोन्ही वापरून झाली आहेत.

ट्यूबची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. आकाशासाठी वाटीभर अल्ट्रामरीन निळा लागतो आणि तोही कागद ओला आहे तोवर. ट्यूबमधून वाटाण्याएवढा रंग काढून पाण्यात कालवला की काम झालं. वडीवरून तेवढाच रंग सोडवायला ब्रश घासत बसावं लागतं. तेवढ्यात कागद सुकू लागतो आणि आकाशात मधोमध रेघ उमटते. शेवटच्या गडद छटांचंही तेच. वडीतून दाट रंग निघेपर्यंत धीर सुटतो आणि झाडाखालची सावली फिकीच राहते. नवशिक्यांची चित्रं पांढुरकी दिसतात त्यामागे हे एक कारण असावं, असं मला वाटतं.

एवढं असूनही माझा हात वड्यांच्या डब्याकडे जातो, तो झाकणामुळे.

मऊ पत्र्याची ट्यूब जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली तैलरंगांसाठी पेटंट केली. जलरंगात मात्र डिंक असतो. झाकणाच्या आट्यांत त्याचा एवढासा ओघळ राहिला तरी तो वाळतो आणि झाकण मानेला घट्ट चिकटून बसतं. तरुणपणी ते एका झटक्यात निघत असेल. आता अंगठ्याचा सांधा दुखतो, चिमटीत जोर राहिलेला नाही. पीळ द्यावा तर झाकण जागचं हलत नाही, मानेखालचा पत्रा मात्र पिळवटतो आणि तिथल्या चिरेतून रंग बोटांवर येतो. झाकण गरम पाण्यात बुडवा, आट्यांना व्हॅसलीन लावा, जवळ पकड ठेवा, हे सगळे उपाय लागू पडतात, पण घरी. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर सकाळचं ऊन पायऱ्यांवर तिरपं पडलेलं असतं, कागद भिजवून झालेला असतो, तेव्हा गरम पाणी आणायचं कुठून? पायऱ्यांवरची सावली तुमच्या झाकणासाठी थांबत नाही.

वड्यांचं तसं नाही. बसल्याबरोबर डबा उघडायचा, प्रत्येक वडीवर पाण्याचे एक-दोन थेंब सोडायचे आणि पेन्सिलीने रेखाटन सुरू करायचं. रेखाटन होईतो रंग मऊ झालेला असतो. घासाघाशीची तक्रार यानेच बरीचशी मिटते. शिवाय घरात नातवंडं आली, औषधाची वेळ झाली, तर डबा मिटून उठता येतं. रंग वाया जात नाही.

खोड्या वड्यांच्याही आहेत. निळा लागलेला ब्रश पिवळ्या वडीत गेला की पिवळा मळतो. विरिडियन या हिरव्यासारखे काही रंग वाळले की हट्टी होतात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ओला डबा मिटून ठेवला तर वड्यांवर बुरशी धरते, म्हणून रात्रभर तो उघडा ठेवावा.

वड्यांच्या रिकाम्या खोक्यांत ट्यूबचा रंग भरून वाळवायचा, हा मधला मार्ग आहे. स्वस्तही पडतो. मात्र काही ट्यूबचा रंग वाळल्यावर तडकतो आणि डबा उघडताच खपली निघून बाहेर पडते. आधी एकाच रंगावर करून बघा.

तुम्ही घरी टेबलाशी बसून मोठ्या कागदावर काम करणार असाल आणि बोटं साथ देत असतील, तर ट्यूब घ्यायला माझी हरकत नाही. बाहेर जाऊन छोट्या कागदावर रंगवायचं असेल तर माझं मत वड्यांना. मात्र शाळकरी मुलांच्या कडक केकवरून वड्यांची परीक्षा करू नका. आर्टिस्ट दर्जाच्या बारा अर्ध्या वड्या (हाफ पॅन) घ्या, सुरुवातीला आठही चालतील. आकाशासाठी अल्ट्रामरीनची एक ट्यूब घरी ठेवा. वाचलेले पैसे ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) जाड सुती कागदावर घाला.