स्टील कट ओट्स आधीच शिजवून ठेवायचे: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेले आठ महिने आठवड्यातले पाच-सहा दिवस माझा नाश्ता हाच आहे, त्यामुळे आता जरा सविस्तर लिहायला हरकत नाही. आधी मी साधे चपटे ओट्स खायचे, ते दोन मिनिटांत होतात खरे पण गार झाले की पार खळीसारखे होतात आणि अकरा वाजले की परत भूक लागायची. स्टील कट म्हणजे ओटचा अख्खा दाणा, पात्याने दोन-तीन तुकडे केलेला, लाटून चपटा न केलेला. म्हणूनच शिजायला २५-३० मिनिटं लागतात, पण शिजल्यावरही दाताखाली दाणा लागतो आणि मला तर त्याचीच चटक लागलीये. पोटही जास्त वेळ भरलेलं राहतं, निदान माझं तरी.

आता रोज सकाळी अर्धा तास गॅसपाशी कोण उभं राहणार, म्हणून मी रविवारी रात्री एकदमच करते. दीड कप ओट्स, सहा कप पाणी, चिमूटभर मीठ, यात माझे सहा नाश्ते होतात. ओट्स आधी कोरडेच मंद आचेवर चार-पाच मिनिटं परतायचे, खमंग वास सुटला की बास. हे टाळू नका, चवीत खूप फरक पडतो. भांडं मोठं आणि जाड बुडाचं घ्या कारण उकळी आली की फेस भराभर वर येतो. सुरुवातीला मी दुधातच शिजवायचे, दरवेळी खाली लागायचं, आता पाण्यातच शिजवते आणि दूध सकाळी घालते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दाणा थोडा कच्चट असतानाच गॅस बंद करायचा. झाकण ठेवून दहा मिनिटं मुरू द्यायचं, उरलेलं काम आतली वाफ करते. पूर्ण शिजवून ठेवलं तर तिसऱ्या दिवशी गिचका होतो, हे कळायला मला दोन महिने लागले.

गार करताना मात्र आळस नको. एकदा मी अख्खं पातेलं रात्रभर ओट्यावरच राहू दिलं आणि सकाळी त्याला आंबूस वास, सगळं टाकून द्यावं लागलं, फार वाईट वाटलं. आता लगेच लहान उथळ डब्यांत वाटून टाकते, म्हणजे पटकन गार होतं, आणि दोन तासांच्या आत सगळं फ्रिजमध्ये. तीन-चार दिवसांचं फ्रिजमध्ये, उरलेले दोन डबे फ्रीजरमध्ये, ते खायच्या आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये आणून ठेवायचे.

सकाळी डबा उघडला की आत घट्ट वडी झालेली असते, चमचा उभा राहील इतकी. पहिल्यांदा बघून मला वाटलं बिघडलं, पण तसं नाही, ओट्समधलं बीटा ग्लुकन नावाचं विरघळणारं फायबर आणि स्टार्च गार झाल्यावर असे घट्ट होतात. ही वडी तशीच गरम केली तर बाहेरून चटका आणि मधे गारगोळा. म्हणून आधी थंडच असताना तीन-चार चमचे पाणी घालून काट्याने मोडून घ्यायची, मग दूध घालून गरम करायची, मधे एकदा ढवळायचं. तीन मिनिटांत नाश्ता तयार. गोड नको असेल तेव्हा दुधाऐवजी नुसतं पाणी आणि वरून मिरपूड, तेही छान लागतं.

फळं, सुकामेवा, बिया सगळं खाताना वरून. आधीच मिसळून ठेवलं तर सुकामेव्याचा कुरकुरीतपणा जातो आणि सफरचंद काळं पडतं. फक्त मनुका तेवढ्या रविवारीच टाकते, त्या रात्रभरात टम्म फुगतात आणि मग वेगळी साखर लागतच नाही.