कॉम्पॅक्ट आणि वेट लेन्स की मिररलेस आणि डोम पोर्ट?

पाण्याखाली फोटो काढायला यातला कुठला सेट घ्यावा? दोन्ही वापरून झालेत म्हणून लिहितोय. आधी मिररलेस (लेन्स बदलता येणारा कॅमेरा), ॲल्युमिनियम हाउसिंग (कॅमेऱ्याची पाणीबंद पेटी), वाइडला म्हणजे मोठ्या दृश्याला डोम (लेन्ससमोरची घुमटासारखी काच), मॅक्रोला म्हणजे बारीक जिवांना फ्लॅट पोर्ट (सपाट काच) असा सगळा थाट होता. आता एक इंची सेन्सरचा कॉम्पॅक्ट, पॉलिकार्बोनेट (प्लॅस्टिक) हाउसिंग आणि दोन वेट लेन्स, म्हणजे हाउसिंगच्या बाहेरून लावायच्या लेन्स.

क्वालिटीत मिररलेस पुढे आहे, त्यात वाद नाही, विशेषतः वाइडला. फ्लॅट पोर्टमधून पाण्यात सगळं साधारण 1.33 पट मोठं दिसतं, म्हणजे लेन्सचा वाइडपणा तिथेच खाल्ला जातो, डोम तो परत देतो. कोपरे मात्र मऊ येतात, मग लेन्सचं छिद्र लहान करून एफ 8, एफ 11 करा आणि स्ट्रोबही (पाण्याखालचे फ्लॅश) तेवढे दमदार घ्या.

मला नडलं ते वेगळंच. पाण्याखाली लेन्स बदलता येत नाही. डोम लावून उतरलो की नेमका दोन सेंटिमीटरचाही नसलेला पिग्मी सीहॉर्स समोर. म्हणून मग दोन डाइव्हच्या मधे बोटीवर हाउसिंग उघडायचं, बोट डुलतेय, केसातून पाणी ठिबकतंय आणि मांडीवर उघडा कॅमेरा. एकदा असंच टॉवेलवर ठेवून पोर्ट बदलला, ओ-रिंगला (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याला) ग्रीस लावलं, बंद केलं, गळती तपासायला पंपाने आतली हवा ओढून व्हॅक्यूम केला तर सील ठीक असल्याचा दिवा हिरवा व्हायलाच तयार नाही. परत उघडलं. ओ-रिंगवरून बोट फिरवत गेलो तेव्हा कुठे टॉवेलचा एक पांढरा धागा हाताला लागला, पापणीच्या केसाएवढा, ग्रीसमध्ये रुतून बसलेला. तोवर बाकीचे खाली गेले होते. व्हॅक्यूम नसता तर हा धागा मला थेट बुडबुडे दिसल्यावरच कळला असता म्हणा.

आता सकाळी खोलीत निवांत बसून हाउसिंग बंद करतो ते संध्याकाळीच उघडतो. मॅक्रो वेट लेन्स पाण्यातच लावायची, पाण्यातच काढायची. लावल्यावर ती जरा सैल करून मधली हवा बाहेर घालवावी लागते, नाहीतर प्रत्येक फोटोत बुडबुडा, पहिले दोन दिवस मी हे विसरायचोच.

धुकं धरणं हा पॉलिकार्बोनेटचा खरा त्रास. प्लॅस्टिकमधून कॅमेऱ्याची उष्णता लवकर बाहेर जात नाही, पोर्टची काच पाण्याने गार, मग आतली दमट हवा काचेवरच जमते. एसीच्या कोरड्या हवेत बंद केलं आणि सिलिका जेल ठेवलं तर माझं तरी भागतं.

तुम्हाला मोठे प्रिंट काढायचे असतील किंवा फिशआयने (अतिवाइड लेन्सने) रीफला चिकटून शूट करायचं असेल तर मिररलेसच घ्या, मी नको म्हणणार नाही. फक्त हाउसिंग बहुतेक वेळा एकाच मॉडेलचं असतं, कॅमेरा बदलला की तेही गेलं. आणि कुठलंही घ्या, आधी कुणाचं तरी मागून जाड ग्लोव्हज घालून त्याची बटणं दाबून बघा, दुकानात कोरड्या हातांनी सगळीच छान वाटतात.