ग्रीन कार्ड: आई-बाबांचा अर्ज आणि भावाचा अर्ज

अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं की आई-बाबा आणि भाऊ, दोघांचेही अर्ज डोक्यात घोळू लागतात. फॉर्म एकच, आय-130. वाट मात्र जमीन-अस्मानाच्या फरकाची.

तुमचं वय 21 पूर्ण असेल तर आई-वडिलांना वार्षिक कोटा नाही. वेळ जातो तो कागद तपासण्यात आणि मुलाखतीची तारीख मिळण्यात. साधारण वर्ष-दोन वर्षं धरून चला. अडतं ते बहुतेकदा तुमच्याच जन्मदाखल्यावर. त्यावर आईचं नुसतं 'सुमन', पासपोर्टवर पूर्ण नाव, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं. हे आधीच निस्तरा, कारण त्यावरून इमिग्रेशन खात्याचं जादा पुरावे मागणारं पत्र आलं की महिने जातात.

भावंडांचं गणित वेगळं. वर्षाला सुमारे 65,000 व्हिसा, त्यातच त्यांचे जोडीदार आणि मुलंही मोजायची, वर देशनिहाय 7 टक्क्यांची मर्यादा. 2025 मध्ये भारतातून 2006 साली भरलेल्या अर्जांचा नंबर लागत होता! अर्ज भरताना कडेवर असलेलं पोर नंबर येईपर्यंत कॉलेज संपवून बसतं, आणि 21 ओलांडलेल्या मुलांना आई-बापांबरोबर सहसा जाता येत नाही. अर्ज मंजुरीला लागलेला काळ वयातून वजा होतो, तरी तो सगळ्यांनाच तारत नाही. मला हे फार क्रूर वाटतं.

तरीही भावाचा अर्ज आजच भरा, कारण रांगेतली जागा अर्ज पोचल्याच्या तारखेवरून ठरते. फक्त त्याला पुढे पर्यटक व्हिसा हवा असेल, तर हा अर्ज तिथे लपवू नका.