एमजीए १५००: बांधलेल्या इंजिनाचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. माझ्या एमजीए १५०० या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं नव्याने बांधलेलं इंजिन आज झकास चालतंय. पण त्यासाठी ते दोनदा उतरवावं लागलं, आणि दुसऱ्यांदा उतरवण्याचा खर्च पूर्णपणे वाया गेलेला आहे. तुमचा तो खर्च वाचावा म्हणून एवढं सविस्तर लिहितोय. गाडीची माहिती देत बसत नाही. ज्यांच्याकडे एमजीए आहे त्यांना ती पाठ असते.

आपल्याकडे ही गाडी सांभाळायचा एक मोठा फायदा म्हणजे तिचं १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन. आपल्या अॅम्बेसेडरचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं. बोअर ७३ मिमी, स्ट्रोक ८८.९ मिमी, तीन मेन बेअरिंग, सगळं तेच. २०१४ मध्ये अॅम्बेसेडर बनवणारा उत्तरपाड्याचा कारखाना थांबला, तरी कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या कुठल्याही मुरलेल्या फिटरने हे इंजिन डोळे मिटून खोललेलं असतं. माझी मेन आणि बिग एंडची बेअरिंगं अॅम्बेसेडरचीच आहेत, आणि त्यात वाचलेल्या पैशांचं मला आजही समाधान वाटतं. पिस्टन मात्र इंग्लंडहून मागवले, कारण एमजीचं कॉम्प्रेशन जास्त. पिस्टनवर भरलेली कस्टम ड्युटी आठवली की अजून जीव तुटतो. हेडमध्ये एक्झॉस्टच्या बाजूला व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवून घेतल्या. २००० सालापासून देशात पेट्रोलमध्ये शिसं नाही. जुन्या बिडाच्या सीट त्याविना झिजत जातात. हा खर्च टाळू नका.

बोअरिंग आणि जुळणीचं काम एका नावाजलेल्या वर्कशॉपला दिलं. बिलात ‘इंजिन टेस्टिंग’ अशी वेगळी ओळ होती, पैसेही वेगळे. टेस्टिंग म्हणजे काय, तर स्टँडवर इंजिन चालू करून तासभर संथ आयडलिंगवर सोडून दिलं. आवाज गोड, ऑइल प्रेशर गरम असताना ५० पौंडांच्या वर. सगळे खूश.

गाडीत बसवल्यावर पहिल्या आठवड्यातच पार्किंगच्या फरशीवर तेलाचं थारोळं दिसू लागलं. थेंब नव्हे, थारोळं. बेलहाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाच्या, खालून येत होतं. वर्कशॉपला फोन केला. मालक म्हणाले, “साहेब, एमजी आहे, गळणारच. तेल गळत नसेल तर समजा तेल संपलंय.” हेच वाक्य मग मी ज्याला त्याला विचारलं त्या प्रत्येकाकडून ऐकलं.

या बोलण्यात थोडं तथ्य आहे. या इंजिनाला मागच्या बाजूला रबरी ऑइल सील नाहीच. मागच्या मेन बेअरिंगच्या पलीकडे क्रँकवर उलट्या आट्यांची चर कोरलेली असते. क्रँक फिरू लागली की ती चर तेल आत ढकलते. इंजिन बंद झालं की उरलेला थेंब-दोन थेंब बाहेर पडतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी मी हा अनुभव लिहायला घेतला तेव्हा ‘मागच्या सीलची रचनाच वाईट, बाहेरून मिळणारं लिप सीलचं किट बसवा’ असं लिहून ठेवलं होतं. ते मत आता पूर्ण बदललं आहे.

कारण ती चर फक्त सांडू पाहणारं तेल परत फिरवते. क्रँक फिरते त्या चेंबरमध्ये हवेचा दाब साठला तर तिचा इलाज चालत नाही. एमजीएला आजच्यासारखी दाब शोषून घेणारी व्यवस्था नाही. रॉकर कव्हरवरून एअर क्लीनरकडे जाणारी एक नळी आणि टॅपेट कव्हरवरून खाली उघड्यावर सोडलेली दुसरी, बस्स. पिस्टनच्या रिंगांशेजारून गॅस खाली येऊ लागला की तो वाट काढतोच, आणि सोबत तेल घेऊन जातो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वयस्क मिस्त्रींनी हे पाच मिनिटांत दाखवलं. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी घेतली, यू आकारात वाकवून पाणी भरलं, एक टोक डिपस्टिकच्या भोकात घट्ट बसवलं. इंजिन चालू केल्याबरोबर पाणी चार बोटं चढलं. “सीलला कशाला शिव्या देताय सायेब, रिंगा धरल्याच न्हाईत,” म्हणाले. मग कॉम्प्रेशन घेतलं: चारही सिलिंडर १२५ ते १३० पौंड. प्रत्येक बोअरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा घेतलं, तर दीडशेच्या पुढे. तेलाने आकडा चढला याचा अर्थ व्हॉल्व्ह ठीक, रिंगा दोषी.

हेड उघडलं तर बोअर, म्हणजे सिलिंडर, आतून आरशासारखे. होनिंगच्या, म्हणजे आतून घासून काढलेल्या, तिरक्या रेघा कुठेच नाहीत. आधी बोअर जास्त गुळगुळीत केलेले, त्यावर नव्या इंजिनाला तासभर आयडलिंग. रिंगा बसायला त्यांच्या पाठीमागे गॅसचा दाब लागतो, तो लोड दिल्याशिवाय मिळत नाही. ‘टेस्टिंग’च्या नावाखाली घेतलेल्या पैशांत त्यांनी माझे बोअर घोटून चकचकीत केले. कॅमशाफ्ट वाचली हे नशीब, कारण सपाट टॅपेटच्या नव्या कॅमला तर पहिली वीस मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास ठेवायचं असतं. आयडलिंगला कॅमवर पुरेसं तेल उडत नाही.

वर्कशॉपशी वाद झालाच. कॉम्प्रेशनचे आकडे, बोअरचे फोटो, सगळं समोर ठेवलं. बरीच खडाजंगी झाल्यावर होनिंगची मजुरी परत मिळाली. नव्या रिंगा, पॅकिंग, आणि गिअरबॉक्ससकट इंजिन उतरवायची मजुरी माझ्या खिशातून गेली. हे मला मान्य नाही आणि मी ते सोडलेलंही नाही.

दुसऱ्या वेळी मिस्त्रींनी बोअरवर रेघा नीट उमटवल्या, नव्या रिंगा टाकल्या. प्लग काढून स्टार्टरवर फिरवून आधी ऑइल प्रेशर आणलं, मगच इंजिन चालू केलं. वीस मिनिटं २००० ला, आयडलिंग अजिबात नाही. तेल साधं मिनरल २०डब्ल्यू-५०, जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं. सिंथेटिक रिंगा बसेपर्यंत नको. मग सरळ पन्हाळ्याचा रस्ता. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबून न्यायची, उतारावर अॅक्सिलरेटर सोडून द्यायचा, पुन्हा दाबायची.

आता कॉम्प्रेशन १५५ ते १६०, नळीतलं पाणी जागचं हलत नाही. करूळ घाट उतरून चढून आल्यावर रात्रभर गाडीखाली कागद ठेवला, दोन थेंब. ते त्या चरीचे, आणि ते मी आनंदाने पुसतो. तेलाचा खप जवळपास नाही.

राहिलेली कुरकुर पेट्रोलची. इथेनॉलच्या मिश्रणामुळे चढावर इंजिन उपाशी पडल्यासारखं अडखळायचं. दोन्ही एस.यू. कार्ब्युरेटरचे जेट नट किंचित खाली घेतले, म्हणजे पेट्रोल जरा वाढवलं, जेटच्या कॉर्कच्या ग्लँड आणि रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घातल्या. अडखळणं गेलं, मायलेज थोडं उतरलं.

इंजिन बांधायला देणार असाल तर दोन गोष्टी बिलावर लिहून घ्या: बोअरवरच्या रेघा जुळणीआधी दाखवणार, आणि गाडीत बसवण्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सुकं आणि तेल घालून मोजून देणार. नळीची चाचणी स्वतः करा, पन्नास रुपयांच्या आत होते. लिप सीलच्या काही किटसाठी मशीनिंग करावं लागतं. या चाचण्या झाल्याशिवाय त्यावर एक रुपयाही घालू नका.